चार भोकांचा खुलासा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी खिडकी क्रमांक चारमागच्या कारकुनाने मृत्युपत्र ट्यूबलाइटसमोर धरले आणि त्यातली भोके मोजली. सहा भरली. त्याने पुन्हा मोजली. मग कागद टेबलावर ठेवून त्याने भिंग उचलले, तशी खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या वकीलबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. या माणसाला कचेरीत सगळे भिंगकाका म्हणत. भिंग हातात आले की सकाळ गेली, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

"पानं किती?" त्याने विचारले.

"दोन. अर्जात लिहिलंय."

"पानं दोन. वरच्या कोपऱ्यात पिनेची भोकं दोन, पण पिन गायब. आणि कडेला ही चार, दोऱ्यानं शिवलेली. म्हणजे सह्या झाल्यावर कुणीतरी पिन काढली आणि मग कागद शिवले. मधल्या वेळात आत काय होतं आणि बाहेर काय गेलं, हे मी कुणाला विचारू?"

"बाबांनीच शिवलं असणार," वकीलबाईंच्या खांद्यामागून एक बाई म्हणाली. "ते बाइंडर होते. पिन त्यांच्या डोळ्यांत सलायची. विजेची बिलंसुद्धा शिवून ठेवायचे."

"चांगली सवय." भिंगकाकांनी मान डोलावली. "पण 'असणार' इथं चालत नाही, ताई. शिवताना कुणी पाहिलंय? मला पाहिलेला माणूस पाहिजे." आणि आपले म्हणणे दाखवायला त्यांनी कागद उलटा करून काचेला लावला.

काचेपलीकडची गाठ तिला दिसली, आणि ती काचेजवळ वाकली.

तिला गल्लीत, बाजारात, कागदाच्या वखारीत सगळे धाकटी म्हणत. वय एक्केचाळीस झाले तरी धाकटीच. त्यातली बावीस वर्षे तिने वडिलांच्या बाइंडिंगच्या दुकानात काढली होती. वडील तीन महिन्यांपूर्वी गेले. मृत्युपत्रात त्यांनी दुकान, कापायचे मशीन, दाबायचा प्रेस आणि आतली प्रत्येक वस्तू तिच्या नावे केली होती आणि ते अमलात आणायची जबाबदारीही तिच्यावरच टाकली होती. मात्र कोर्टाचा शिक्का पडेपर्यंत त्या कागदाला काही किंमत नव्हती. शिक्का नाकारला, तर दुकान तिच्या आणि थोरल्या भावाच्या नावे निम्मे निम्मे होणार. नऊ फूट बाय चौदा फुटांच्या खोलीचे निम्मे करून कुणाला काही करता येत नाही. ती विकावी लागते. उजवीकडच्या मोबाइलवाल्याने वडील गेल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात भिंतीवर बोटाने ठोकून जाडी पाहून घेतली होती.

वडील लहान कामाला तीन भोके पाडत. मोठ्याला पाच, त्याहून मोठ्याला सात. चार कधीच नाही. चाराला मध्य नसतो, मध्य नसलेली शिवण एका बाजूला ओढते, असे ते म्हणत. त्यांची गाठ उजवीकडे वळलेली असे. ही डावीकडे वळलेली होती. त्या घरात एकच माणूस चार भोके पाडायचा, तीही डाव्या हाताने, आणि त्यासाठी रोज बोलणी खायचा.

भिंगकाकांनी शेरा लिहिला, तो वाचून दाखवला आणि त्याखाली सही केली. मृत्युपत्राच्या स्थितीबद्दल प्रत्यक्ष माहिती असलेल्या व्यक्तीने प्रतिज्ञापत्र द्यावे, मुदत चौदा दिवस. "आणि ज्यानं शिवलं असेल त्याच्या हातच्या शिवणीचा नमुना जोडा," ते तोंडी म्हणाले. "कोऱ्या कागदावर. मला ताडून बघता येईल."

जिना उतरताना वकीलबाई खुशीत होत्या.

"सोपं आहे हो. तुम्हीच द्या प्रतिज्ञापत्र. वडिलांची शिवण मी डोळे मिटून ओळखते, असं लिहू."

"ओळखते ना," धाकटी म्हणाली. "म्हणून तर देता येणार नाही."

वकीलबाई एका पायरीवर थांबल्या. "त्यांची नाही?"

"नाही."

"मग कुणाची?"

"दादाची."

वकीलबाईंनी फाईल एका बगलेतून काढून दुसऱ्या बगलेत घेतली. वरून येणाऱ्या दोन माणसांना त्यांनी वाट दिली. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "म्हणजे हे मृत्युपत्र मोडलं तर ज्याला निम्मं दुकान मिळतं, त्याच्याच हातून ते उघडलं गेलंय."

"हो."

"आणि हे तुम्हाला आज दिसलं? माझ्या ऑफिसात पाकीट फोडलं तेव्हा तुम्ही समोर होतात."

"तेव्हा मी ते वाचलं," धाकटी म्हणाली. "पाहिलं नाही."

त्या दोघी खाली आल्या. दारापाशी वकीलबाईंनी छत्री उघडली, ऊन बघून पुन्हा मिटली.

"हे मी ऐकलंच नाही असं म्हणता आलं असतं. पण मी वकील आहे, भिंत नाही. खोटं लिहायचं नाही. आधी त्याला फोन करा, मग काय तो विचार करा. लोक नेमकं उलट करतात आणि मग माझ्याकडे येतात."

धाकटीने त्या दिवशी फोन केला नाही. विचारच केला. वडील गेले तेव्हा थोरला चार दिवस येऊन राहिला होता. त्याने वडिलांची खोली आवरली, दुकानाच्या शटरची अडकणारी पट्टी काढून तासून परत बसवली, शेजाऱ्यांशी बोलला आणि गेला. मृत्युपत्र आहे का, त्यात काय आहे, दुकानाचे काय ठरले, एका शब्दाने विचारले नाही. तेव्हा तिला ते खटकले होते. इतका गप्प माणूस मनात काहीतरी शिजवत असतो, असे तिने वकीलबाईंना सांगितलेही होते. आता कळत होते की त्याने विचारले नाही, कारण त्याला माहीत होते. पण कधीपासून, आणि कसे?

बुधवारी सकाळी तिने फोन लावला. थोरला दुसऱ्या शहरात लिफ्टच्या कंपनीत होता. दिवसभर उंच इमारतींच्या पोटात असे.

"दादा, एक विचारू? मृत्युपत्र तू शिवलंस का?"

पलीकडे लोखंडी दार सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी "दोन मिनिटं बंद आहे, जिन्यानं जा" असे ओरडले. मग तो म्हणाला,

"भोकं मोजलीस वाटतं."

"मी नाही. कारकुनानं."

"हुशार दिसतोय."

"मस्करी नको, दादा. चौदा दिवसांची मुदत आहे. त्यातला एक गेला."

"शुक्रवारी येतो. फोनवर नको."

"फोनवर नको" हे दोन शब्द तिने शुक्रवारपर्यंत उलटेपालटे करून पाहिले. त्यांची एकही बाजू चांगली निघत नव्हती.

शुक्रवारी साडेअकराला तो अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून आत आला. सेहेचाळीस वर्षांचा, कानांवरचे केस पिकलेला, पाठीला पिशवी. त्याने पिशवी कागदाच्या रिमांवर ठेवली आणि नाक वर करून वास घेतला.

"खळ आंबलीय."

"आजची आहे. तुझ्या नाकात ग्रीस बसलंय."

"बसलं असेल." तो वडिलांच्या स्टुलावर बसला नाही. एक पुठ्ठ्यांचा गठ्ठा ओढून त्यावर बसला. "विचार."

तिने एवढ्या दिवसांत प्रश्नांची रांग लावून ठेवली होती. तो असा "विचार" म्हणाल्यावर तिला पहिला सापडेना. तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. शेवटी तोच बोलू लागला.

"मागच्या वर्षी त्या कॉलेजात तीन दिवस रजिस्टरं बांधायला गेली होतीस ना तू? दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. उद्या ये म्हणाले."

"बाबांनी केला? स्वतःहून?"

"स्वतःहून. मलाही खरं वाटलं नाही. म्हटलं, नंबर कुठून मिळाला? तर म्हणाले, अठरा वर्षं भिंतीवर लिहिलाय."

धाकटीने भिंतीकडे पाहिले. फोनशेजारी वखारवाले, कापडवाले, मशीन दुरुस्तीवाला असे पंचवीस-तीस नंबर होते. त्यांच्या मध्येच एकापुढे नाव नव्हते. तो नंबर तिला पाठ होता. तो तिथे लिहिलेला आहे, हे मात्र तिने कधी पाहिले नव्हते. थोरल्याने एकोणिसाव्या वर्षी दुकान सोडले, तेव्हापासून बापलेकांमध्ये जे बोलणे व्हायचे ते तिच्या तोंडून. त्याला सांग. त्यांना सांग.

"आलो. ते मृत्युपत्र त्यांनी माझ्या हातात दिलं. वाच म्हणाले. वाचलं. म्हणाले, पटतंय का? मी म्हटलं, न पटायला काय झालं, जिनं केलं तिला मिळतंय. मग म्हणाले, ती पिन काढ. गंजली होती. कागद खायला लागली होती. मी काढली. ते सुईत दोरा ओवायला बसले." तो थांबला. "हात किती थरथरायचे गं त्यांचे? तू कधी बोलली नाहीस."

"त्यांना आवडायचं नाही बोललेलं. मी ओवून ठेवायची सुया. सकाळी दहा-बारा. आपल्यालाच जमतंय असं त्यांना वाटायचं."

"त्या दिवशी तू नव्हतीस. मी बघत बसलो. तिसऱ्यांदा चुकल्यावर त्यांनी सुई माझ्याकडे सरकवली."

"आणि तू चार पाडलीस."

"मुद्दाम नाही. इतक्या वर्षांनी हातात टोचा आला, हात गेला तिथंच गेला. म्हणाले, अजून चारच? मी म्हटलं, तीनवाली तुमच्याकडे आहे की दुकानात. तर हसले. चहा केला त्यांनी माझ्यासाठी. बाबांनी. कपात निम्मा, बशीत निम्मा."

धाकटीने टेबलावरची कागदाची कात्रणे तळहाताने एका बाजूला लोटली. तिथे काही उरले नाही, तरी ती लोटतच राहिली. हा माणूस खरे बोलतोय, असे तिला आतून वाटत होते. आणि वाटणे कारकुनाच्या खिडकीत चालत नाही, हेही तिच्या कानात होते.

"तिसरं पान होतं का?"

"वकीलबाई विचारतायत की तू?"

"मी."

"नव्हतं." त्याने तिच्याकडे सरळ पाहिले. "लिहून देतो."

"मग मला सांगितलं का नाहीस? बाबा गेले तेव्हा चार दिवस होतास. माझ्या मनात काय काय आलं, तुला कल्पना नाही."

"आहे. तुझं तोंड बघत होतो की." तो जरा हसला. "काय सांगणार होतो? मी वाचलंय, मला काही नको, असं? मोठेपणा मिरवल्यासारखं झालं असतं. आणि बाबाच म्हणाले होते, ती विचारेल तेव्हा सांग. मला काय माहीत, तू कारकुनाकडून विचारवशील."

ती हसली, आणि हसताना तिला दोनदा डोळे पुसावे लागले. मग ती उठली, कोऱ्या कागदाचे ताव काढले, मृत्युपत्राच्या मापाचे कापले आणि टोचा, सुई, मेण लावलेला दोरा त्याच्यापुढे ठेवला.

"नमुना पाहिजे त्यांना. बस."

पहिला नमुना वाकडा आला. दुसऱ्यात कागद फाटला. तिसऱ्यात त्याने सुई बोटात घुसवली आणि कागदावर रक्ताचा थेंब पाडला.

"हा जोड," तो म्हणाला. "भिंगाखाली छान दिसेल."

"लिफ्टही अशीच दुरुस्त करतोस का? मी तुझ्या शहरात आले तर जिन्यानंच चढीन."

"लिफ्टला कुणी मागं उभं राहून बघत नाही."

ती मागून बाजूला झाली. चौथा बरा आला. पाचव्याला त्याचा हात आपोआप चालू लागला. टोचा आत, किंचित कलता, डावीकडून. दोरा ओढताना तो अंगठ्याने त्याला अडवत होता. ती अडवणूक वडिलांची होती. भोके त्याची, गाठ त्याची, अंगठा त्यांचा. तिने सांगितले नाही. सातवा नमुना तिने प्रेसखाली दाबून ठेवला.

सोमवारी पावणेबारा वाजता तिघे खिडकी क्रमांक चारसमोर उभे होते. भिंगकाकांनी नमुना आणि मूळ कागद शेजारी ठेवले आणि दोन्हींवरून भिंग फिरवले. गाठीवर बराच वेळ थांबले.

"डावरे का?"

"हो," थोरला म्हणाला.

"आमच्या सौभाग्यवतीही डावऱ्या. भाजी कापताना बघितलं की मला भीती वाटते." त्यांनी भिंग खाली ठेवले. "ठीक आहे. तसं तिसरं पान नव्हतं, हे मला मंगळवारीच दिसलं होतं म्हणा."

धाकटीने काचेवर हात टेकला. "कसं?"

"हा गंज बघा. पहिल्या पानाच्या तोंडावर पिनेच्या पाठीचा डाग आहे, दुसऱ्याच्या पाठीवर तिच्या दुमडलेल्या पायांचा. आणि मध्ये दोन्ही पानं एकमेकांना चिकटून होती, तिथं डाग डागावर बसतो. तिसरा कागद घुसायला जागाच नाही."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" आवाज चढला तसा तिने तो खाली आणला. "मी सहा दिवस..."

"ताई, गंज शपथ घेत नाही," भिंगकाका शांतपणे म्हणाले. "मला माणूस लागतो."

थोरला दुसरीकडे पाहत होता. मंगळवारी दुपारीच हा गंज आठवून धाकटी वकीलबाईंना फोन करू शकली असती. आयुष्यभर जुने कागद हाताळलेल्या बाईला तो सुचायला हवा होता. तिला सुचले होते ते फक्त भावाचे गप्प बसणे. ते तिने मनात तसेच नोंदवले.

प्रतिज्ञापत्र दीड पानाचे होते. कायद्याप्रमाणे थोरल्याने ते मोठ्याने वाचायचे होते. त्याने वाचले. त्याचा आवाज लिफ्टमधल्या सूचनेसारखा सपाट होता. अमुक दिवशी मयतांच्या सांगण्यावरून मी सदर मृत्युपत्राची गंजलेली पिन काढली. त्यांच्या समक्ष व त्यांच्या इच्छेने दोन्ही पाने दोऱ्याने शिवली. त्याखेरीज कोणताही कागद त्यास जोडलेला नव्हता. शेवटच्या परिच्छेदाशी तो आला.

"सदर मृत्युपत्राने मला काहीही मिळत नाही, व तरीही मी..."

तो थांबला. मागे रांगेत कुणीतरी खाकरले.

"वाचा," वकीलबाई पुटपुटल्या. "हेच तर महत्त्वाचं वाक्य आहे."

थोरल्याने कागद काचेखालच्या फटीतून भिंगकाकांकडे सरकवला. "इथं एक शब्द घालता येईल का?"

"कोणता?"

"मालमत्तेपैकी. मालमत्तेपैकी मला काहीही मिळत नाही, असं."

भिंगकाकांनी वाक्य वाचले. "अर्थ तोच होतो हो. मृत्युपत्रात मालमत्तेशिवाय दुसरं काय असतं?"

"कायद्यानं तोच होत असेल," थोरला म्हणाला. "पण मी शपथेवर बोलतोय."

वकीलबाई काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी धाकटीकडे पाहिले आणि फाईल मिटली. धाकटी खिडकीवर लावलेले कचेरीच्या वेळांचे पत्रक फार लक्षपूर्वक वाचत होती.

भिंगकाकांनी आपले पेन फटीतून बाहेर दिले. "घाला. काकपदाची खूण करून वर शब्द लिहा, बाजूला सही करा. खाडाखोड नको." आणि तो लिहून होईपर्यंत त्यांनी भिंग उचलले नाही.

बारा वीसला फाईल वरच्या मजल्यावर गेली. वरच्या साहेबांना आणखी काही विचारावेसे वाटले तर ते विचारतील, नाही वाटले तर शिक्का पडेल. कधी आठ दिवस लागतात, कधी महिना, असे भिंगकाकांनी सांगितले. आपले स्वतःचे मत त्यांनी सांगितले नाही. फक्त पुढच्या माणसाला बोलावण्याआधी, "दुकान कुठंसं आहे म्हणालात?" असे विचारले आणि पत्ता एका कपट्यावर लिहून घेतला. त्यांच्याकडे त्यांच्या स्वतःच्या वडिलांच्या हातची एक जुनी वही होती, तिचा कणा निखळला होता.

थोरल्याची गाडी त्याच संध्याकाळी सहाची होती. पाच वाजता तो पिशवी भरून शटरपाशी उभा होता. धाकटी प्रेसचे चाक फिरवत होती. तिच्या एकटीच्या जोराला ते शेवटच्या फेऱ्याला अडत असे. त्याने पिशवी खाली ठेवली आणि चाकाला हात लावला. मग म्हणाला, याला तेल कधी घातलंय? ती म्हणाली, घालणारा अठ्ठावीस वर्षांपूर्वी गेला. सत्तावीस, तो म्हणाला, आणि तेलाची बाटली शोधू लागला.

बुधवारी दुपारी चार वाजेपर्यंत वरच्या मजल्यावरून आदेश आलेला नव्हता. सोमवारची गाडी सोडून दिलेल्या थोरल्याने कंपनीकडे शनिवारपर्यंत रजा मागितली होती. कंपनीचेही उत्तर आलेले नव्हते. दुकान उघडे होते.